पुंगळीचं वंगण आणि ‘गरज नाही’चा घोळ

अमेरिकेतली शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची रीलोडिंगची, म्हणजे झाडलेली काडतुसं घरी पुन्हा भरण्याची, पुस्तकं उघडली की ‘ल्युब’ (वंगण) आणि ‘साइझ’ (मापात आणणं) हे शब्द जोडीने भेटतात, आणि नवा वाचक तिथेच फसतो. ती जोडी पुंगळीची, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्याची नाही, शिशाच्या गोळीची आहे. ओतलेली गोळी ठरावीक व्यासाच्या भोकातून दाबून काढायची आणि तिच्या खाचांत चरबी-मेणाचं मिश्रण भरायचं, म्हणजे बंदुकीच्या नळीत शिसं धरत नाही. रिकाम्या पितळी पुंगळीला वंगण लावून ती पुन्हा मापात आणणं हे निराळं काम. पिस्तुलाच्या बाबतीत ते उशिराच आलं.

आधी त्याची फारशी गरजच नव्हती. बंदुकीची जुनी काळी दारू, कमी दाब आणि घरात एकच रिव्हॉल्व्हर. ज्या चेंबरात, म्हणजे काडतूस बसण्याच्या कप्प्यात, पुंगळी फुगली त्यातच ती परत जायची. १८८० च्या दशकातलं रीलोडिंगचं अडकित्त्यासारखं हत्यार पुंगळीचं फक्त तोंड आवळायचं, नवी गोळी घट्ट बसावी एवढ्यापुरतं. मग स्वतःच पुढचं काडतूस भरणारी पिस्तुलं आली: १९०२ मध्ये नऊ मिलिमीटरचं काडतूस, १९०५ च्या सुमारास .४५ चं. यात पुंगळी केसभर जाड राहिली तरी स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा मागे-पुढे सरकणारा वरचा भाग, पूर्ण मिटत नाही. शिवाय रेंजवर वेचलेली पुंगळी कुठल्या पिस्तुलातून पडली ते कोणाला ठाऊक! म्हणजे आता तोंडच नाही, अंगही आवळणं आलं.

हे आवळण्याचं काम डाय नावाच्या साच्यात होतं. पोलादी डायमध्ये कोरडी पुंगळी घातली की पितळाचे कण पोलादाला चिकटतात आणि पुढच्या प्रत्येक पुंगळीवर ओरखडा उठतो. हे झालं सौम्य प्रकरण. वाईट म्हणजे पुंगळी डायमध्ये दाबणाऱ्या प्रेसचा दांडा अर्ध्यावर थांबतो, जोर लावला तर पुंगळीची कड फाटून येते आणि उरलेली पुंगळी आत रुतून बसते. मग तिच्या बुडाला भोक पाडा, आटे काढा, बोल्ट घालून ओढा. म्हणून लॅनोलिनसारखं (मेंढीच्या लोकरीतलं मेण) वंगण आलं. शिक्क्याच्या पॅडसारख्या गादीवर पुंगळ्या हाताने घोळवायच्या, आणि काम झालं की एकेक पुसायची. आठवड्याला काही शे गोळ्या झाडणारा माणूस याला कंटाळणारच.

सुटका आली ती विजेच्या दिव्यातून. दिव्याची टंगस्टनची तार ओढायला हिऱ्याच्या डाय लागत. त्या महाग, म्हणून १९२३ च्या सुमारास जर्मनीत टंगस्टन कार्बाइड कोबाल्टमध्ये बांधून कठीण मिश्रण तयार केलं गेलं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत त्याचीच कडी पिस्तुलाच्या डायच्या तोंडाशी बसली. कार्बाइडला पितळ चिकटत नाही. ‘ल्युबची गरज नाही’ ही जाहिरात तेव्हाची, आणि वादही तिथूनच सुरू होतो.

कारण ‘गरज नाही’ हे लोकांनी ‘लावूच नका’ असं ऐकलं. न लावणारे म्हणतात, वंगणाला धूळ चिकटते, तेल झिरपलं तर प्रायमर (पुंगळीच्या बुडातली, दारू पेटवणारी टोपी) मरतो, आणि तेलकट पुंगळी चेंबरच्या भिंतीला धरत नाही, सगळा धक्का मागे जातो. शेवटची भीती जुनी आहे. १९२० च्या दशकात तिकडे रायफलच्या काडतुसांना ग्रीस लावण्यावरून बरंच वाजलं होतं. पण हे सगळे आक्षेप न पुसलेल्या वंगणावरचे आहेत, वंगणावरचे नाहीत. चार-पाच पुंगळ्यांमागे एकीला बोट लावलं तरी दांडा हलका होतो, हे ज्याने शंभर पुंगळ्या दाबल्यात त्याला पटवावं लागत नाही.

शिवाय कडी सरळ अंगाच्या पुंगळीसाठी असते. .४५ बुडाशी सुमारे १२.१ मिलिमीटर, तोंडाशी १२, ठीक. नऊ मिलिमीटरची पुंगळी बुडाशी ९.९३, तोंडाशी ९.६५. अरुंद कडी तिला बुडापासून तोंडाच्याच मापात आवळते आणि गोळी बसवल्यावर खाली कंबर दिसते. १९९४ च्या .३५७ सिग काडतुसाच्या पुंगळीला तर बाटलीसारखे खांदे आहेत. डबीवर कार्बाइड लिहिलेलं असलं तरी खांद्यापाशी पोलादच, तिथे कोरडी घालणारा अडकतोच.

१९९० मध्ये .४० चं काडतूस आलं आणि काही पिस्तुलांच्या चेंबरचा तळ मोकळा असल्याने पुंगळ्या बुडाशी फुगू लागल्या. पुंगळी धरणाऱ्या चकतीमुळे डाय तिथवर पोचत नाही. म्हणून अख्खी पुंगळी आरपार ढकलणारी डाय निघाली, आणि तिच्यासोबत वंगण पुन्हा टेबलावर आलं. आता लॅनोलिन अल्कोहोलमध्ये विरघळवून फवारतात, डबा हलवतात, वाळू देतात. पुसण्याऐवजी नंतर टंबलरमध्ये, म्हणजे पुंगळ्या घोळवून साफ करणाऱ्या यंत्रात, फिरवतात.

फक्त त्या टंबलरमध्ये अमोनिया असलेलं पितळेचं पॉलिश नको. हा धडा भारतातला. ब्रिटिश फौजेची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेली असत, आणि पुंगळ्या आपोआप तडकत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि पुंगळी ओढून घडवताना पितळात राहिलेला ताण, हे त्याचं कारण १९२१ मध्ये उलगडलं. डायमध्ये आवळलेल्या पुंगळीतही तसाच ताण थोडाफार उरलेला असतो.