ब्लूटूथ माईक आणि २.४ गिगाहर्ट्झवाला माईक: कॅमेऱ्यासाठी नेमका कुठला घ्यायचा?

घरच्या व्हिडिओ कॅमेऱ्यासाठी स्वस्तातला वायरलेस माईक शोधायला बसलं की दोन प्रकार समोर येतात आणि फोटोत बघितलं तर दोन्ही जुळे भाऊ वाटतात. काळी छोटी डबी, मागे क्लिप, वर वाऱ्यासाठी केसाळ टोपी, एक लुकलुकणारा लाईट, आणि दोघांच्याही बॉक्सवर मोठ्या अक्षरात वायरलेस. यातला एक असतो ब्लूटूथ माईक आणि दुसरा स्वतःचा रिसीव्हर घेऊन येणारा २.४ गिगाहर्ट्झचा माईक. आता गोंधळ असा की ब्लूटूथसुद्धा २.४ गिगाहर्ट्झवरच चालतं, २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ हा जो पट्टा आहे त्यातच ब्लूटूथ, त्यातच वायफाय आणि त्यातच हे माईक, त्यामुळे बॉक्सवर नुसतं २.४ वाचून काहीच कळत नाही, विकणाऱ्यालाही बरेचदा कळत नाही आणि तो बिनधास्त "चालेल की" म्हणून मोकळा होतो.

फ्रिक्वेन्सी सोडा. बघायचं एवढंच की माईकने हवेत सोडलेला आवाज पकडणार कोण. ब्लूटूथ माईकमध्ये तो समोरच्या उपकरणाने पकडायचा असतो, म्हणजे फोनने, लॅपटॉपने किंवा कॅमेऱ्याने. दुसऱ्या प्रकारात बॉक्समध्येच एक वेगळा रिसीव्हर येतो, तो कॅमेऱ्यावर बसतो, छोट्या वायरने माईकच्या जॅकमध्ये घुसतो, आणि कॅमेऱ्याला वाटतं की साधा वायरवालाच माईक लावलाय. त्याला वायरलेस बियरलेसशी काही देणंघेणं नसतं. म्हणूनच पंधरा वर्षं जुना हॅन्डीकॅम असला तरी त्याला माईक जॅक असेल तर आजचा रिसीव्हर त्यावर व्यवस्थित चालतो.

ब्लूटूथचं घोडं इथेच अडतं. "अहो पण माझ्या कॅमेऱ्यात ब्लूटूथ आहे ना" असं बरेच जण म्हणतात, आणि असतंच, मेनूत निळं चिन्ह दिसतं, पेअरिंगही लिहिलेलं असतं. पण बहुतेक कॅमेऱ्यांमधलं ते ब्लूटूथ आवाजासाठी दिलेलंच नसतं. फोनवरून शटर दाबायला, फोटोला लोकेशन चिकटवायला, कंपनीच्या ॲपशी जोडायला, एवढ्यासाठी ते असतं. तुम्ही माईकचं बटण दाबून धरता, त्याचा लाईट लुकलुकायला लागतो, कॅमेऱ्यात पेअरिंग चालू करता आणि कॅमेरा आपला फोनच शोधत बसतो, माईक त्याच्या यादीत येतच नाही. माईक खराब नाही, कॅमेराही खराब नाही, दोघांना एकमेकांशी बोलायची सोयच दिलेली नाही. अपवाद आहेत, उदाहरणार्थ गोप्रो हिरो १२ ब्लॅकमध्ये (२०२३) ब्लूटूथने आवाज घ्यायची सोय आली, पण हा ॲक्शन कॅमेरा झाला, नेहमीच्या हॅन्डीकॅममध्ये किंवा लेन्स बदलता येणाऱ्या मिररलेस कॅमेऱ्यात हे धरून चालू नका. मॅन्युअलमध्ये "ब्लूटूथ मायक्रोफोन" असे शब्द सापडले तरच हो.

बरं समजा जोडला गेला, तरी पुढे क्वालिटीचा प्रश्न आहेच. हा तुम्ही रोज ऐकता फक्त लक्षात येत नाही. ब्लूटूथ हेडफोनवर गाणं मस्त चाललेलं असतं, मध्येच व्हिडिओ कॉल येतो आणि त्याच हेडफोनमधला आवाज एकदम डब्यातून आल्यासारखा होतो. हेडफोन तोच, मग झालं काय? गाणं ऐकताना आवाज एकाच दिशेने जात असतो आणि त्यासाठी ब्लूटूथची एक वेगळी पद्धत आहे जी भरपूर डेटा पाठवते. माईक चालू झाला की ते कॉलच्या पद्धतीवर जातं, आणि ही पद्धत फोनवर बोलण्यासाठी बनवलेली, त्यात जुन्या प्रकारात सेकंदाला ८,००० सॅम्पल, म्हणजे आवाजाच्या तेवढ्या नोंदी, आणि सुधारलेल्या प्रकारात १६,०००. व्हिडिओचा आवाज मात्र ४८,००० ला रेकॉर्ड होतो. सॅम्पलच्या निम्म्या फ्रिक्वेन्सीपर्यंतच आवाज टिकतो, म्हणजे ८,००० वाल्यात ४ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं कापलं जातं आणि 'स' ची जी सळसळ असते ती बरीचशी त्याच्याच वर असते. फोनवर नाव सांगताना "स... स... सशातला स" असं का करावं लागतं ते आता कळलं असेल. घरच्या व्हिडिओत आजोबांच्या गोष्टीचा आवाज असा आला तर नंतर कुठलंही सॉफ्टवेअर तो परत आणू शकत नाही, कारण जे रेकॉर्डच झालं नाही ते वाढवणार कसं. नवीन ब्लूटूथमध्ये यापेक्षा चांगल्या पद्धती आल्यात पण त्या माईक आणि घेणारं उपकरण दोन्हीकडे असाव्या लागतात आणि स्वस्त मालात त्या गृहीत धरण्यात अर्थ नाही.

इथे एक बारीक गोष्ट, नाहीतर कोणीतरी म्हणेल की अमुक माईक ब्लूटूथचाच आहे आणि झकास चालतो. खरंय. सोनीच्या ईसीएम-एडब्ल्यू४ सारख्या माईकमध्ये ट्रान्समीटर (अंगावर लावायची डबी) आणि रिसीव्हरच्या मधला दुवा ब्लूटूथचाच आहे, पण त्याच्यासोबत स्वतःचा रिसीव्हर येतो जो कॅमेऱ्याच्या माईक जॅकला लागतो. म्हणजे नाव ब्लूटूथ, पण आपल्या हिशोबात तो दुसऱ्या गटातला. याच्या उलटही आहे, डीजेआय माईक २ चा ट्रान्समीटर रिसीव्हरशिवाय फोनला सरळ ब्लूटूथने जोडता येतो. म्हणून नावावर जाऊ नका, रिसीव्हर आहे का आणि त्यातून ३.५ एमएमचं आउटपुट निघतं का एवढं बघा.

आता उशीर. ब्लूटूथने आवाज पोचायला सहज शंभर-दोनशे मिलिसेकंद लागू शकतात. पंचवीस फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, म्हणजे ओठ हलल्यावर अडीच ते पाच फ्रेमनी शब्द ऐकू येणार. टीव्ही प्रसारणासाठी आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची एक जुनी शिफारस आहे (बीटी.१३५९), तिच्यानुसार आवाज चित्राच्या साधारण ४५ मिलिसेकंद आधी आला किंवा १२५ मिलिसेकंद उशिरा आला की माणसाला जाणवायला लागतं. उशिराला जास्त सूट का, तर खऱ्या आयुष्यात लांबचा आवाज उशिराच येतो, आपल्याला त्याची सवय असते, आधी कधीच येत नाही. रिसीव्हरवाल्या २.४ माईकमध्ये हा उशीर बहुतेक वेळा एका फ्रेमच्या आतच असतो, समजा २० मिलिसेकंद धरला तर तेवढ्या वेळात आवाज हवेतून जेमतेम सात मीटर जातो, म्हणजे सात मीटरवरच्या माणसाचा आवाज कॅमेऱ्याच्या स्वतःच्या माईकलाही तेवढाच उशिरा मिळतो आणि त्याची कधी कोणी तक्रार केलेली नाही. ब्लूटूथचा उशीर एडिटिंगमध्ये सरकवून जुळवता येतो हे मान्य, पण दरवेळी कनेक्ट केल्यावर तो तेवढाच राहील असं नाही त्यामुळे दर क्लिपला तेच काम, आणि घरचे व्हिडिओ एडिट करायला बसतंय कोण.

रेंजच्या बाबतीत मात्र दोघंही एकाच नावेत. बॉक्सवर १०० मीटर, २०० मीटर लिहिलेलं असतं ते मोकळ्या मैदानात, मध्ये काहीही नसताना. या फ्रिक्वेन्सीला पाण्याचं वावडं, आणि माणसाचं शरीर बहुतांशी पाणीच, त्यामुळे माईक छातीवर लावलेला माणूस कॅमेऱ्याकडे पाठ करून चालायला लागला की आवाज तुटायला लागतो, मग अंतर दहा पावलं का असेना. गर्दीत तर विचारूच नका, प्रत्येकाच्या खिशात वायफाय आणि ब्लूटूथ चालू असलेला फोन. अशा वेळी ट्रान्समीटरच्या आतच रेकॉर्डिंग होणारा माईक असेल तर जीव वाचतो, रोड कंपनीच्या वायरलेस गो टू मध्ये ही सोय आहे आणि इतरही काहींमध्ये मिळते, पण अगदी स्वस्तात ती क्वचित दिसते. मला विचाराल तर घरच्या वापराला नॉइज कॅन्सलेशनचं बटण, रंगीत डिस्प्ले, चार्जिंगची सुंदर डबी या सगळ्यापेक्षा ही एक सोय जास्त कामाची.

जुने यूएचएफवाले (२.४ पेक्षा बऱ्याच खालच्या फ्रिक्वेन्सीवर चालणारे) सेट पण सेकंडहॅन्ड स्वस्तात दिसतात, कमरेला बेल्टपॅक आणि लांब ॲन्टेना असलेले. माणसाच्या अंगाला ते इतके घाबरत नाहीत हे खरं, पण त्यांच्या फ्रिक्वेन्सी देशादेशात बदलतात आणि काढूनही घेतल्या जातात, अमेरिकेत २०१० मध्ये ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा आणि २०२० मध्ये ६०० च्या पट्ट्यातला बराचसा भाग माईकसाठी बंद झाला आणि तिथले जुने सेट तेव्हापासून स्वस्तात फिरतायत. आपल्या देशात कुठला पट्टा चालतो ते माहीत असल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका, २.४ ला जवळपास सगळीकडे लायसन्स लागत नाही.

आता रिसीव्हरवाला घ्यायचं ठरलं तरी एक खड्डा आहे आणि सगळ्यात जास्त लोक यातच पडतात. सगळ्यात स्वस्त जे माईक असतात त्यांचा रिसीव्हर म्हणजे टाईप-सी किंवा लायटनिंगची बोटभर पिन असते, ती थेट फोनमध्ये खोचायची. तो रिसीव्हर आवाज डिजिटल स्वरूपात यूएसबीतून देतो आणि फोनला ते समजतं. कॅमेऱ्यालाही टाईप-सी असतं, पिन अगदी मापात बसते, लाईटसुद्धा लागू शकतो, आणि आवाज येत नाही, कारण बहुतेक कॅमेऱ्यांचं ते पोर्ट चार्जिंगला आणि फाईली काढायला असतं. कन्व्हर्टरची वायर लावून काम होईल असं वाटतं पण तसं होत नाही. कॅमेऱ्यासाठी हवा तो ३.५ एमएमची गोल पिन बाहेर देणारा रिसीव्हर.

त्या पिनकडे पण नीट बघा. पिनवर दोन काळ्या रेघा असतील तर ती कॅमेऱ्याची, तीन असतील तर फोनची. दोन्ही पिना एकमेकांच्या जॅकमध्ये सहज बसतात, पण तीन रेघांची वायर कॅमेऱ्यात घातली की आवाज एका बाजूलाच, नाहीतर घुं घुं, नाहीतर काहीच नाही, आणि मग माणूस माईकला शिव्या घालतो. आणि हे सगळं करण्याआधी कॅमेऱ्याला माईक जॅक आहे का ते बघा हो, बाजूच्या रबरी झाकणाखाली लपलेला असतो, बरेचदा लाल रंगाची खूण असते, शेजारचा हेडफोनचा जॅक तो नव्हे. स्वस्त हॅन्डीकॅमना कित्येकदा माईक जॅक नसतोच. तसं असेल तर वायरलेसच्या मागे लागूच नका, साधा कॉलर माईक फोनला लावून फोन खिशात टाका, रेकॉर्डिंग चालू करा, कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा आणि नंतर दोन्ही आवाज त्या टाळीवर जुळवा. सलग अर्धा-पाऊण तास रेकॉर्ड केलं तर शेवटी शेवटी एखाद-दोन फ्रेमचा फरक पडू शकतो, तुकड्या तुकड्यांत केलं तर तेही नाही.

सगळं जुळलं आणि तरी मागे सूं असा आवाज येत असेल तर दोष बहुतेक कॅमेऱ्याच्या ऑटो लेव्हलचा. माणूस बोलायचा थांबला की कॅमेरा शांतता सहन न होऊन आवाज वाढवत जातो, पंखा, फ्रिज, सगळं वर येतं, आणि पुढचा शब्द आला की धाडकन खाली. कॅमेऱ्यात लेव्हल मॅन्युअल करा, जवळजवळ तळाला आणा आणि रिसीव्हरचा आउटपुट वाढवा, कारण घरगुती कॅमेऱ्यांच्या आतला ॲम्प्लिफायर बहुधा कामचलाऊ असतो, त्याला जितकं कमी काम द्याल तितकी सूं कमी. मॅन्युअलची सोयच नसेल तर निदान रिसीव्हरचा आउटपुट वर ठेवा, म्हणजे ऑटोला फार ओढाताण करावी लागत नाही. फक्त फाटू देऊ नका, मोठ्याने हसून बघा, तिथे मीटर लाल व्हायला नको.

माईक हनुवटीखाली एक वीत, कपड्यावर घासणार नाही असा. कॅमेऱ्यावरचा माईक चार मीटरवर आणि हा वीसेक सेंटीमीटरवर, म्हणजे वीसपट जवळ, त्याने तोंडाचा आवाज जवळपास २६ डेसिबलने वाढतो आणि खोलीचा घुमारा मात्र होता तेवढाच राहतो. स्वस्त माईकनेही इतका फरक पडतो तो याच्यामुळेच. नवीन सेट आला की परत करायची मुदत असतानाच एकाला माईक लावून घराबाहेर पाठवा, पाठ करून चालायला सांगा, वळून यायला सांगा, आणि रेकॉर्डिंग कॅमेऱ्याच्या टीचभर स्पीकरवर नाही तर हेडफोन लावून ऐका, कारण तुटलेलं अक्षर त्या स्पीकरवर कळत नाही.