दारात रानफुलं, म्हणून साप?

‘घराभोवती तण वाढू दिलं की साप येतात’ हा निरोप दर पावसाळ्यात फिरतो. भीती खोटी नाही. खानापूरकडं साप निघतातच. पण ते फुलांच्या ओढीनं येत नाहीत. येतात उंदीर-बेडकांमागं, आणि दडतात दगड-लाकडांच्या ढिगात, नाहीतर उंच दाट गवतात. स्वतःच बघा: परड्यात बिळं कुठं आहेत? सरपणाखाली, धान्याच्या पोत्यांजवळ? आधी ते आवरा, वाट मोकळी ठेवा. वीतभर केना, एकदांडी राहू दे. केन्याचं निळं फूल सकाळी उमलतं, दुपारपर्यंत मिटतं. तेवढ्यात मधमाशी येऊन जाते. गाजर गवत तेवढं फुलण्याआधी, हातमोजे घालून उपटा. त्यानं अनेकांच्या अंगाला खाज सुटते.