ब्रसेल्सचा शिल्पमंडप: निघण्याआधी वाचून ठेवा

आमच्या युरोप सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत 'सांकांतनेर बाग, शिल्पमंडप' अशी एक ओळ असते. ती वाचून बरेच जण ऑफिसात विचारतात, "हे वगळलं तर चालेल का?" चालेल. पण आमचं ऐकाल तर वगळू नका.

बेल्जियमच्या स्वातंत्र्याला 50 वर्षं झाली, त्यानिमित्त 1880 साली इथे प्रदर्शन भरलं, त्याची ही बाग. लोक मोठ्या कमानीपाशी फोटो काढतात आणि परततात. मंडप एका कोपऱ्यात, झाडांच्या आडोशाला आहे. बाहेरून ग्रीक देवळासारखा दिसतो. आत पाहायची गोष्ट एकच: जेफ लांबो या शिल्पकाराचं 'मानवी भावविकार' हे संगमरवरी उठावशिल्प. साधारण 12 मीटर रुंद, 8 मीटर उंच. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या जुन्या दुमजली घराची अख्खी दर्शनी बाजू डोळ्यांपुढे आणा, म्हणजे अंदाज येईल.

एक गोष्ट स्पष्टच सांगतो. शिल्पातल्या बहुतेक आकृत्या नग्न आहेत. मातृत्व आहे, मोह आहे, युद्ध, आत्महत्या, क्रूसावरचा येशू, आणि या सगळ्या गर्दीवर नजर ठेवून असलेला मृत्यू. लहान मुलं किंवा घरची वडीलधारी मंडळी बरोबर असतील तर त्यांना आधी कल्पना द्या. लक्ष्मी विलास पॅलेसमधली इटालियन शिल्पकार फेलिचीची शिल्पं पाहिलेल्या बडोदेकरांना संगमरवराचं अप्रूप नाही, पण हा प्रकार वेगळा आहे.

मंडप बांधला व्हिक्टर ओर्ताने. राजा लिओपोल्ड दुसरा याच्याकडून 1889 मध्ये काम मिळालं तेव्हा त्याने तिशीही गाठली नव्हती. पुढे आर्ट नूव्हो या वेलींसारख्या वळणदार रेषांच्या शैलीतल्या घरांमुळे त्याचं नाव झालं. 1 ऑक्टोबर 1899 ला मंडप उघडला आणि काही दिवसांतच बंद झाला. नग्नतेमुळे बंद पाडला, असं सर्रास ऐकायला मिळतं. टीका भरपूर झाली हे खरं. पण खरा घोळ भिंतीचा होता. ओर्ताला खांबांमधून, थेट बागेतून शिल्प दिसायला हवं होतं. लांबोला खांबांमागे भिंत हवी होती, म्हणजे उजेड फक्त वरून पडेल. शेवटी भिंत झाली, पण ती पाहायला लांबो नव्हता. तो 1908 मध्ये गेला.

म्हणून आत गेल्यावर आधी उजेड पाहा. छताच्या काचेतून तो खाली उतरतो. खांदे, पाठी, मांड्या उजळतात आणि त्यांच्याखालच्या खोबणी काळ्या राहतात. आधी लांबून पाहा, मग अगदी एका कडेला जा. समोरून सपाट वाटलेले हात तिथून चक्क बाहेर आलेले दिसतात. निघताना पायऱ्यांच्या टोकाला उभं राहून बांधकामाच्या कडांवरून नजर फिरवा. सरळ वाटणाऱ्या रेषांना बारीक बाक आहे. तरुण ओर्ताची चुणूक इथेच दिसते, असं आम्हाला वाटतं.

मंडप वर्षभर, दिवसभर उघडा नसतो. निघण्याआधी वेळा तपासून आम्ही कळवतोच. ऐनवेळी बंद असला, तर तो वेळ त्याच बागेतल्या कला आणि इतिहास संग्रहालयाला देऊ. स्वतंत्र फिरणाऱ्यांनी शुमान किंवा मेरोद मेट्रो स्टेशनवर उतरावं. थेपल्यांचा डबा बसमध्येच ठेवा, शिल्पाला हात लावू नका. आणि तुमच्या सहलीत अँटवर्प असेल, तर तिथल्या मुख्य चौकातलं ब्राबोचं कारंजंही याच लांबोचं आहे, 1887 चं. तिथे तिकीट नाही, वेळेचं बंधन नाही.