टायमिंग आणि स्पेसिंग: सहा फ्रेमचे तीन ठोसे

पुण्यात वनाजच्या बाजूने मेट्रोत बसा. नळ स्टॉपवरून गाडी सुटते, सावकाश वेग घेते, मध्ये पळते आणि गरवारे कॉलेज येण्याच्या बऱ्याच आधीपासून मंदावत जाते. खाली कर्वे रस्त्यावर तेवढंच अंतर एक रिक्षावाला तेवढ्याच वेळात तोडतोय असं धरा (संध्याकाळी सातला नको, सकाळी सहाला धरा). तो शेवटपर्यंत सुसाट येतो आणि एकदम ब्रेक हाणतो. दोघे एकाच क्षणी निघाले आणि एकाच क्षणी पोचले. पण मेट्रोतला माणूस दांडा न धरता उभा राहिला आणि रिक्षातल्याचं कपाळ पुढच्या बारला लागलं.

निघाल्यापासून पोचेपर्यंत किती वेळ गेला, हे टायमिंग. त्या वेळातल्या प्रत्येक क्षणी गाडी नेमकी कुठे होती, हे स्पेसिंग. ॲनिमेशनमध्ये सेकंदाला 24 फ्रेम धरतात. म्हणजे टायमिंग फ्रेममध्ये मोजायचं आणि स्पेसिंग दोन फ्रेममधल्या अंतरात.

ऐकायला सोपं आहे, तरी घोळ होतोच. थोडा दोष जुन्या नावांचाही आहे. कागदावर काम करणारे लोक चित्राच्या कडेला एक छोटी शिडी काढायचे, मधली चित्रं कुठे कुठे बसवायची ते सांगणारी. तिचं नाव टायमिंग चार्ट. पण तिच्या पायऱ्या जवळ-लांब असतात, त्या स्पेसिंग दाखवायला!

आम्ही तिघं कोथरूडच्या दोन खोल्यांत साडेतीन मिनिटांची एक फिल्म करतोय. मंगळावरची खाण, वेल्डिंग करणारी एक मुलगी आणि तिला अडवणारा राखणदार रोबो. तिचा पहिला ठोसा बारा फ्रेमचा होता. पाण्याखाली चाललाय असं वाटत होतं. आमच्यातला धाकटा म्हणाला, "दादा, फ्रेम कमी करू?" आठ केल्या. मग सहा. मग चार. चारवर हात नुसता झटका आल्यासारखा हलला, आणि लागला तरीही नाही. दोन दिवस आम्ही टायमिंगशी भांडत होतो, आणि दुखणं स्पेसिंगचं होतं.

समजा मुठीला जबड्यापर्यंत 60 सेंटिमीटर जायचंय आणि फ्रेम सहाच आहेत. पहिल्या ठोशात मूठ दर फ्रेमला 10 सेंटिमीटर सरकते: लिफ्टचं दार बंद होतंय, बाकी काही नाही. दुसऱ्यात अंतरं अशी: 4, 10, 16, 16, 10, 4. ही आपली मेट्रो. गरवारे कॉलेजला अलगद थांबते, तशी मूठ जबड्यापाशी येऊन अदबीने थांबते. तिसऱ्यात 2, 4, 7, 11, 16, 20. सर्वांत मोठी उडी सर्वांत शेवटी. तिन्हींचं टायमिंग तंतोतंत एक आहे, आणि लागतो फक्त तिसरा.

गंमत अशी की मधला, मवाळ ठोसा आपण काही न करताच मिळतो. ब्लेंडर या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन की टाकल्या (की म्हणजे कुठल्या फ्रेमला हात कुठे, याची खूण) की त्यांना जोडणारा हालचालीचा कर्व्ह आपोआप बेझिए होतो, म्हणजे दोन्ही टोकांना गोलसर. हात खिडकीतून बाहेर काढायचा असेल तर उत्तम. ठोशाला मात्र हे विष आहे, कारण सॉफ्टवेअर जबड्याच्या आधीच ब्रेक लावतं. ग्राफ एडिटर, म्हणजे हा कर्व्ह दिसतो ती खिडकी, उघडून पाहा: की डावी-उजवीकडे सरकवली की टायमिंग बदलतं, तिचं हँडल (कर्व्हचा कल ठरवणारी छोटी दांडी) फिरवलं की स्पेसिंग. आम्ही दोन दिवस फक्त की सरकवत होतो. इलाज दोन. जबड्याच्या कीवरचं हँडल मोडून कर्व्ह तिथे तिरका, उभ्याकडे झुकणारा ठेवायचा. किंवा शेवटची की जबड्याच्या पार मागे टाकायची, म्हणजे मूठ जबड्यातून जाताना अजून वेगातच असते. मला दुसरा जास्त आवडतो. खरा मारणाराही जबड्याच्या मागच्या भिंतीवर नेम धरतो.

लागल्यानंतर दोन-तीन फ्रेम सगळं गोठवायचं आणि मग डोकं उलट हिशेबाने सोडायचं: आधी 18, मग 10, 5, 3, 1. गोठवणं हे टायमिंग, सोडणं हे स्पेसिंग.

हे सगळं मी पेठेतल्या एका तालमीत आधीच पाहिलं होतं, फक्त मोजलं नव्हतं. फोनवर 120 फ्रेमने एक कुस्ती टिपली आणि दर पाचवी फ्रेम काढून घेतली, म्हणजे बरोबर 24 उरतात. दोघे पैलवान मानेला हात घालून चार सेकंद जवळजवळ जागचे हलत नाहीत. मग ढाक हा डाव. सुरुवातीच्या सात-आठ फ्रेममध्ये कंबर फक्त आत सरकते, बोटभर-बोटभर. आणि पुढच्या पाचांत समोरचा अख्खा गडी हवेतून मातीत. वस्तादांना स्क्रीन दाखवली तर म्हणाले, "उचलायला वेळ लागत नाही साहेब, खाली शिरायला लागतो." आमच्या मुलीला खाली शिरूच दिलं नव्हतं. ती उभ्या उभ्या हात फेकत होती.

आता मंगळ. इथे उडीच्या आणि ठोशाच्या टायमिंगचे मालक वेगळे होतात, आणि विज्ञानकथेतली बरीच मारामारी इथेच फसते. पृथ्वीवर अर्धा मीटर उंच उडी मारली तर माणूस सुमारे 0.64 सेकंद हवेत असतो, म्हणजे 15 फ्रेम. मंगळाचं गुरुत्वाकर्षण आपल्या 38 टक्के. पायांचा जोर तोच ठेवला तर उडी 1.3 मीटर जाते आणि 40 फ्रेम चालते. चंद्रावर 3 मीटर आणि 90 हून जास्त फ्रेम. हे टायमिंग तुमच्या हातात नाहीच, ग्रहाने ठरवलेलं आहे. पण मूठ गुरुत्वाकर्षणाने जात नाही, खांद्याने जाते. तिच्या सहा फ्रेम कोथरूडात सहा आणि मंगळावरही जवळपास सहाच. आम्ही आधी काय केलं होतं? मंगळ आहे म्हणून सगळंच संथ. मग तो मंगळ वाटत नाही, स्लो मोशन वाटतं. शरीर तरंगतंय आणि हात मात्र नेहमीच्याच वेगाने चाललेत, या विसंगतीतच परका ग्रह दिसतो. शिवाय हवेत असताना मारलेला ठोसा मारणाऱ्यालाही मागे ढकलतो. तो धक्का गाळला की मुलगी दोरीला टांगल्यासारखी दिसते.

रोबोचं उलटं आहे. तो 17 मीटरचा, म्हणजे 1.7 मीटरच्या माणसाच्या दहापट उंच. तोल जाऊन पडायला लागणारा वेळ उंचीच्या वर्गमुळाने वाढतो, म्हणजे इथे 3.16 पट. माणूस 24 फ्रेममध्ये आडवा होत असेल, तर तसाच पडणारा रोबो त्याच ग्रहावर 76 घेईल. पण 76 फ्रेम एकसारख्या संथ ठेवल्या तर तो थर्माकोलचा वाटतो. सुरुवातीच्या वीसेक फ्रेम त्याने जेमतेम कलायचं, आणि शेवटी डोकं जमिनीकडे येताना त्याचा वेग पडणाऱ्या माणसाच्या डोक्याच्या तिपटीहून जास्त हवा. धिप्पाड म्हणजे संथ, हे अर्धंच खरं.

टूजवर, म्हणजे एकेक चित्र दोन-दोन फ्रेम धरून, काम करणाऱ्यांसाठी एवढंच: सेकंदाला 12 चित्रं झाली तरी टायमिंग तेच राहतं, अंतरं दुप्पट होतात. चालणं चालून जातं. ठोशाच्या तेवढ्या फ्रेम मात्र वन्सवर, म्हणजे दर फ्रेमला नवं चित्र, घ्या.

आमचा शॉट सध्या असा आहे: ती दहा फ्रेम गुडघ्यात बसते, 40 फ्रेम हवेत असते, त्यात दोन ठोसे सहा-सहाचे, दुसऱ्यानंतर तीन फ्रेम गोठलेल्या, आणि मग ती स्वतःच मागे सरकत खाली येते. ठोसे लागतात. अडलंय ते पायांशी. उरलेल्या फ्रेममध्ये त्यांनी काय करायचं ते ठरत नाही, नुसते लोंबकळतात. रविवारी दोरीचा मल्लखांब करणाऱ्या मुलींचा व्हिडिओ काढायला जायचंय, पुन्हा 120 फ्रेमनेच.