कमांड लाइनवर रकाने वेगळे काढणे

टेक्स्ट फाइलच्या प्रत्येक ओळीतून हवा तेवढाच रकाना उचलण्याची क्रिया. युनिक्स आणि लिनक्सवर लॉग तपासताना, याद्या जुळवताना किंवा एका कमांडचे आउटपुट पाइपने दुसरीकडे देताना ती सतत लागते. टेक्स्ट फाइलमध्ये मुळात रकाने नसतात, असतात त्या नुसत्या ओळी. कुठले चिन्ह विभाजक मानायचे हे ठरले, की रकाने तयार होतात. म्हणून कमांड टाइप करण्याआधी फाइलच्या चार ओळी नीट पाहाव्यात. निम्मे काम तिथेच होते.

सर्वांत साधी कमांड म्हणजे ‘कट’. वेगळे काही सांगितले नाही तर ती टॅब हा विभाजक धरते. दुसरे चिन्ह ‘-डी’ या पर्यायाने आणि रकान्याचा क्रमांक ‘-एफ’ने देतात. युनिक्सच्या पासवर्ड फाइलमधली ही ओळ पाहा:

रूट:एक्स:०:०:रूट:/रूट:/बिन/बॅश

इथे कोलनने तोडलेले सात रकाने आहेत. ‘-डी’ला कोलन आणि ‘-एफ’ला १,७ दिले, की वापरकर्त्याचे नाव आणि त्याचा शेल (त्याच्या कमांड चालवणारा प्रोग्राम) एवढेच उरते. मात्र ७,१ असे उलटे लिहिले तरी उत्तर १,७ याच क्रमाने येते. कट रकान्यांची अदलाबदल करत नाही. ओळीत विभाजकच नसेल तर ती अख्खी ओळ छापते. तशा ओळी गाळायच्या तर ‘-एस’ लागतो.

कटची खरी अडचण स्पेसची. कॉलम सरळ दिसावेत म्हणून अनेक कमांड मध्ये कमीजास्त स्पेस भरतात आणि कट त्यातली प्रत्येक स्पेस वेगळा विभाजक मोजते. मग तिसऱ्या रकान्याच्या जागी रिकामी ओळ हाती येते. ‘टीआर -एस’ या कमांडने लागोपाठच्या स्पेसची एक करून घेता येते, पण अशा वेळी सरळ ‘ऑक’ या कमांडकडे वळावे हे उत्तम. आल्फ्रेड आहो, पीटर वाइनबर्गर आणि ब्रायन कर्निहॅन यांनी १९७७ मध्ये बेल लॅब्जमध्ये ती घडवली. नावही तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांचे. स्पेस आणि टॅब कितीही असोत, ऑक त्यांना एकच विभाजक मानते आणि ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा सोडून देते. डॉलरच्या चिन्हापुढे क्रमांक लिहिला की तो रकाना मिळतो, ‘एनएफ’ लिहिले की शेवटचा. क्रमही हवा तसा बदलता येतो.

देवनागरी मजकुरात विभाजकावरून तोडणे निर्धोक असते. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत ‘क’ तीन बाइटांचा आणि ‘कि’ सहा बाइटांचा. पण त्यांतला एकही बाइट कोलन, टॅब किंवा स्वल्पविरामाशी जुळत नाही. बाइट मोजून तोडले, तर मात्र अक्षर मधोमध फुटते.

स्वल्पविरामाच्या, म्हणजे सीएसव्ही फाइलींना ही साधी तोड पुरत नाही. अवतरणचिन्हांतल्या मजकुरातही स्वल्पविराम असू शकतो, आणि तो विभाजक धरला की पुढचे सगळे रकाने एकेक घर सरकतात. पहिल्या काही ओळी बरोबर दिसतात, त्यामुळे ही चूक पटकन लक्षातही येत नाही. ग्नू ऑकच्या (ग्नू प्रकल्पाने बनवलेल्या ऑकच्या) २०२३ मधल्या ५.३ आवृत्तीत यासाठी ‘--सीएसव्ही’ हा पर्याय आला. जुनी आवृत्ती असेल तर पायथन या प्रोग्रामिंग भाषेचे सीएसव्ही मॉड्यूल वापरावे.