रकूनचे डोळे त्याच्या पंजांत

रकून हा उत्तर अमेरिकेतला, डोळ्यांभोवती काळा पट्टा असलेला एक सस्तन प्राणी. रात्री ओढ्याकाठी बसलेल्या रकूनकडे नीट पाहिले तर एक गंमत दिसते. त्याचे लक्ष पाण्याकडे नसतेच. मान वर, नजर भलतीकडे, आणि पुढचे दोन्ही पंजे मात्र पाण्याखालच्या दगडांमध्ये एकसारखे चाचपत असतात. अंधारात उशाखालचा चष्मा हुडकावा, तसे. मग पंजा झटकन बाहेर येतो आणि त्यात एखादा क्रेफिश, म्हणजे गोड्या पाण्यातला झिंग्यासारखा जीव, वळवळत असतो.

पाण्याकडे बघण्याची त्याला गरजच नसते. रकूनच्या तळव्यांत स्पर्श टिपणाऱ्या मज्जातंतूंची टोके अगदी दाटीने असतात. अंगभरच्या स्पर्शाची नोंद ठेवणाऱ्या मेंदूच्या भागातही सर्वांत मोठा वाटा पुढच्या पंजांनी बळकावलेला आहे. वेल्कर आणि सायडेनस्टाइन या संशोधकांनी १९५९ साली या भागाचा नकाशा काढला, तेव्हा तिथे प्रत्येक बोटाची स्वतंत्र जागा आढळली. आपल्याला एखादी वस्तू पाहून जेवढे कळते, त्यातले बरेचसे रकूनला ती कुरवाळून कळते.

उत्तर अमेरिकेच्या मूळ रहिवाशांनी हे फार पूर्वी हेरले होते. इंग्रजीतला ‘रकून’ हा शब्द पोव्हाटन भाषेतून आला आहे आणि हातांनी घासणारा, खरवडणारा असा त्याचा अर्थ सांगतात. युरोपातल्या विद्वानांनी मात्र या घासण्याचा अर्थ धुणे असा लावला. प्राण्यांना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनिअसने १७५८ साली त्याला ‘धुणारे अस्वल’ अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले. पुढे अस्वल गळाले, ‘धुणारा’ तेवढा शास्त्रीय नावात राहिला. खरे तर रकूनला स्वच्छतेचे काही पडलेले नाही. खाणे पाण्यात बुचकळण्याची सवय मुख्यतः पिंजऱ्यातल्या रकूनांत दिसते. ओढ्यात भक्ष्य चाचपायची जी उपजत हौस, ती बिचारे पाण्याच्या भांड्यावर भागवतात, असे त्याचे एक पटणारे स्पष्टीकरण आहे. शिवाय ओल्या तळव्यांना स्पर्श जास्त बारकाईने कळतो, असेही काही संशोधकांचे मत आहे.

आता हेच पंजे शहरात आणून ठेवा. कचऱ्याचा डबा म्हणजे तरी काय, काळोखातला एक ओढाच! आत काय आहे ते दिसत नाही, हात घालून शोधायचे. रकूनला खाण्याचेही सोवळे नाही. बेडूक, किडे, अंडी, फळे, ओकची फळे, मक्याची कणसे, जे हाताला लागेल ते चालते. माणसाच्या उष्ट्याने त्या यादीत भर पडली, एवढेच. राहण्याची सोयही तशीच झाली. झाडाची ढोली नसेल तर धुराडे किंवा पोटमाळा. वसंतात मादी तिथे पिल्ले घालते. म्हणूनच पोटमाळ्यावरची मादी पकडून लांब नेऊन सोडली, की वर पिल्ले उपाशी राहण्याचा धोका असतो.

शहरात खाणे एका जागी भरपूर मिळत असल्याने त्यांना फार भटकावे लागत नाही, आणि थोड्या जागेत पुष्कळ रकून मावतात. या दाटीचा त्रास आहेच. ते ठरावीक जागी विष्ठा करतात आणि तीत एका गोलकृमीची अंडी असू शकतात. ती पोटात गेली तर माणसाच्या मेंदूलाही इजा होऊ शकते. अमेरिकेच्या पूर्व भागात रकूनांमध्ये रेबीजही आहे. तो आवरण्यासाठी लस भरलेली आमिषे रानात टाकतात. हौसेने हातावर खाऊ देणाऱ्यांनी हे जरूर वाचावे.

पण निव्वळ हाताने भागत नाही, डोकेही लागते. रकूनचा मेंदू साधारण मांजराएवढा, तरी त्याच्या बाह्य थरातल्या चेतापेशींची संख्या कुत्र्याच्या जवळपास जाते. डेव्हिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९०७ साली रकूनांसमोर कड्या, खिट्ट्या, अडसर लावलेल्या पेट्या ठेवल्या. तेरापैकी अकरा कुलुपे त्यांनी उघडली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात नळीतल्या पाण्यावर खाऊ तरंगत ठेवला होता. खडे टाकून पाणी वर आणावे, अशी अपेक्षा. आठपैकी दोघांना खडे टाकण्याची युक्ती साधली. आणखी एकाने नळीच उलथवून टाकली. प्रयोग करणाऱ्यांनी ठरवलेले उत्तर ते नव्हते, पण खाऊ मिळाला! मला तरी तिघांत तोच हुशार वाटतो.

कॅनडातल्या टोरांटो शहराने हे जरा जास्तच मनावर घेतले. सुमारे ३ कोटी १० लाख कॅनेडियन डॉलर खर्चून ओल्या कचऱ्याचे नवे डबे केले आणि २०१६ पासून घरोघरी दिले. झाकणाला फिरवायची मूठ होती. रकूनचा अंगठा आपल्यासारखा इतर बोटांसमोर येत नाही, त्यामुळे ती त्याला फिरवता येणार नाही, हा हिशेब. कचरागाडीने डबा उपडा केला की मात्र कुलूप आपोआप सुटे. बहुतेक रकून तिथे हरले. पण २०१८ साली एकाची करामत कॅमेऱ्यात सापडली. त्याने आधी डबा आडवा पाडला आणि मग ती मूठ पंजांनी धरून फिरवली.