चुन्याची कळी पाण्यात पडली की पाणी का उकळतं?

दिवाळीआधी गावच्या घराला चुना द्यायचा असला की अंगणात पत्र्याचं पिंप ठेवायचे, त्यात पाणी आणि वरून कळीच्या चुन्याची ढेकळं. पहिली दोन मिनिटं काहीच नाही, मग ढेकूळ तडकायचं, चुरचुर आवाज, आणि बघता बघता पिंप खदखदायला लागायचं, खाली जाळ नसताना! आजी म्हणायची, भट्टीची आग कळीत बसलेली असते, पाणी लागलं की बाहेर येते. मला कॉलेजात असताना हे खुळचट वाटायचं, कारण कळी हाताला गार असते. आता मला वाटतं आजी बरीचशी बरोबर होती.

आधी एक गैरसमज काढून टाकूया, कारण तो क्लासच्या नोट्समध्ये पण सापडतो: अणूंमधला बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते. साफ चूक. बंध तोडायला ऊर्जा द्यावीच लागते, नवीन बंध जुळताना ती मिळते. मिळालेली जास्त असेल तर भांडं तापतं, कमी असेल तर आजूबाजूची उष्णता ओढून घेतली जाते, बस एवढा जमाखर्च.

आता भट्टीत बघा. चुनखडी साधारण ९०० अंशाला भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि उरते ती कळी. यासाठी दर मोलला (म्हणजे साधारण ५६ ग्रॅम कळीमागे) १७८ किलोज्यूल खर्च होतात, म्हणजे जळणाची बरीच उष्णता दगड तापवण्यात नाही तर तो फोडण्यात जाते. कळीत उरतो ऑक्साइड आयन, म्हणजे दोन ऋण प्रभार असलेला ऑक्सिजनचा अणू, प्रोटॉनसाठी (हायड्रोजनच्या धन गाभ्यासाठी) अगदी हपापलेला. पाणी भेटलं की तो पाण्याच्या रेणूतला एक प्रोटॉन खेचून घेतो आणि दोघांचेही हायड्रॉक्साइड होतात. जुना बंध तुटला, नवा जुळला, कळीच्या स्फटिकाची घट्ट रचना मोडून नवी बसली, हे सगळं वजाबेरीज करून ६५ किलोज्यूल शिल्लक राहतात. एक किलो कळीच्या हिशोबात ही उष्णता साडेतीन लिटर गार पाणी उकळीला आणेल इतकी आहे! म्हणून कळी थोडी थोडी पाण्यात सोडायची, कळीवर पाणी ओतायचं नाही, आणि पोरांना लांब ठेवायचं, डोळ्यात उडाला तर नजर जाऊ शकते.

आणि कोणी बाबा नारळावर पाणी शिंपडून आग काढत असेल तर तिथेही हाच हिशोब आहे, फक्त आत सोडियमचा तुकडा लपवलेला असतो. अंनिसचे (अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे) कार्यकर्ते हा प्रयोग कितीतरी वर्षं गावोगाव करून दाखवतायत, मंत्र न म्हणता.

मग १७८ मधले ६५ पिंपात परत आले, बाकीचे ११३ कुठे गेले? ते चुना भिंतीवर सुकल्यावर येतात. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत घेतो आणि पुन्हा चुनखडीच होतो, आणि तेव्हा बरोबर ११३ च सुटतात, १८४० मध्ये हेस या रसायनशास्त्रज्ञाने मांडलेला नियम हेच सांगतो की वाट कुठलीही धरा, बेरीज तीच. फक्त हे इतकं सावकाश चालतं की भिंतीला हात लावून काही कळत नाही. जाड भिंतीच्या आतल्या चुन्यात तर ते वर्षानुवर्षं चालूच असतं.